गजाची शेवटची वीत

८ सप्टेंबर

आत्याच्या मागच्या खोलीत दाटीवाटीनं बसणाऱ्या आणि चुकलं की कोपरावर लाकडी पट्टी खाणाऱ्या सगळ्या पोरापोरींनो,

आपल्या सगळ्यांची तक्रार एकच आहे. ती आपण चपला घालताना बोललो, जिन्यात बोललो, बसथांब्यावर बोललो. आत्यासमोर कुणीच बोललो नाही. तक्रार ही, की आपल्याला कधी 'का' विचारू दिलं नाही. व्हायोलिनचा गज टोकापर्यंत न्यायचा नाही, शेवटची वीतभर जागा मोकळी सोडायची, हा आपल्या शिकवणीचा पहिला नियम. कुणी विचारलं, का? उत्तर आलं, 'शेवटची वीत आपली नाही.' का नाही? पट्टी!

इथे परक्या देशात, विद्यापीठातल्या पहिल्याच तासाला, त्या पट्टीची किंमत मला कळली. आमचे सर उंच, मानेत वाकलेले. मनातल्या मनात मी त्यांना बगळा म्हणते. त्यांनी डोळे मिटून माझं वाजवणं ऐकलं आणि विचारलं, "गज इथेच का थांबवतेस?"

"थांबवायचा असतो."

"कुणी सांगितलं?"

"आत्यानं."

"आणि तिला?"

"तिच्या वडिलांनी. माझ्या आजोबांनी."

"आणि त्यांनी असं का ठरवलं?"

मागे एक मुलगी खुदकन हसली. हसली ते बरोबरच हसली. इतकी वर्षं वाजवून मला एका प्रश्नाचं उत्तर देता येऊ नये! पाळलेल्या पोपटालाही याहून जास्त बोलता येतं.

माझी इथली जागा अजून पक्की नाही, हे तुम्हाला सांगायला हवं. फेब्रुवारीत तीन परीक्षकांसमोर एक लांबलचक, संथ रचना वाजवायची. तिच्यात एकेक सूर असा, की गज या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढला तरच पुरा होतो. परीक्षकांना पटलं तर मी इथे राहणार, नाही पटलं तर बॅग भरायची. आणि मी निघाले आहे एक वीत कमी घेऊन.

आत्या हे पत्र आधी उघडेल, मला माहीत आहे. उघडू दे.

तुमची,
भिंगरी

२० सप्टेंबर

चि. भिंगरीस,

उघडलं. नुसतं उघडलं नाही, संध्याकाळच्या वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं. माझ्याविरुद्धचं बंड मीच वाचलं, आणि आवाज चढवायचा तिथे चढवलासुद्धा. पोरं माना खाली घालून बसली होती. वाचून झाल्यावर म्हटलं, "कुणाला काही विचारायचंय?" कुणी हूं की चूं केलं नाही. बघ तुझी फौज!

आता माझं ऐक. 'का' हा प्रश्न तोंडाला सोपा आणि हाताला महाग असतो. पोहायला शिकणारा काठावर उभा राहून पाण्याची चौकशी करत बसला, तर तो पाण्याचा जाणकार होईल, पोहणारा व्हायचा नाही. माझ्या बाबांनी मला शिकवलं तेव्हा एक शब्द समजावला नाही. ते वाजवायचे, मी त्यांच्या हाताकडे बघायची. हात जाईल तसा हात नेला. म्हणून तो हात आज तुझ्यापर्यंत पोचला आहे. समजावत बसले असते, तर शब्द पोचले असते आणि हात वाटेतच राहिला असता.

आपला आखूड गज ऐकून लोक म्हणायचे, हे वाद्य बोलतंय. बोलतंय! तुझ्या त्या खुदकन हसणाऱ्या मुलीला एकदा असं म्हणवून घेऊ दे.

तरी तो माणूस तुझा गुरू आहे. तेव्हा रीत तीच: डोळे उघडे, तोंड बंद. त्याचा हात बघ आणि तसाच हात ने. फक्त ती वीत सोडून. तिथे माझी हद्द.

फोन करू नकोस. फोनवर तू रडतेस आणि मी ओरडते, आणि दोघींचं म्हणणं राहून जातं. खोलीत एकटं वाटत असणार, त्याशिवाय का इतकी चिडचिड? जेवत जा. एका जागी बूड टेकत जा. भिंगरी हे नाव मी तुला कौतुकानं ठेवलेलं नाही.

आत्या

१५ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

मला एकटं वाटत नाही. मला राग येतो, आणि तो जेवून जात नाही.

पण तू म्हणालीस तसं केलं. तुझं पत्र आल्यापासून तोंड बंद ठेवलं आणि बगळ्याचा हात बघितला. आणि आत्या, मला एक खुबी सापडली! इतर कुणाच्या लक्षात आलेली नाही, कारण ते सगळे प्रश्न विचारण्यात गुंतलेले असतात. सर डाव्या हाताची करंगळी वापरतच नाहीत. जिथे कुणीही करंगळी टाकेल, तिथे ते अनामिकाच तारेवरून घसरवत वर नेतात, आणि सूर असा काही वळण घेऊन येतो की अंगावर काटा उभा राहतो. मी करंगळी दुमडून ठेवायची सवय लावून घेतली. सरावाच्या खोल्या इथे तळघरात आहेत, ओळीनं, एकेका पियानोपुरत्या. रोज वेगळी खोली मिळते आणि रोज मी तेच करते. आता करंगळी हातात नसल्यासारखीच वाटते.

गजाबद्दल सर रोज टोकतात. "टोकापर्यंत ने. सूर अर्ध्यात मरतोय." मी मान हलवते आणि नेत नाही. तुझी हद्द पाळते आहे. किती दिवस पाळू, ते सांग.

भिंगरी

२७ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,

शाबास! याला म्हणतात डोळा. करंगळीची गोष्ट वर्गात सांगितली. सगळ्या मोठ्या मुली आता करंगळी दुमडून बसल्या आहेत, आणि एकीच्या बोटात पेटका आला. तिला म्हटलं, परदेशी विद्या आहे बाई, थोडी दुखणारच.

बघ, न विचारता मिळालं की नाही? विचारलं असतंस तर त्यानं चार वाक्यं सांगितली असती आणि तू ती वहीत लिहून विसरली असतीस. असंच आणखी लुटून आण.

किती दिवस पाळू, म्हणतेस. नियम दिवसांवर पाळत नाहीत. गज टोकाला नेलास तर इथे बसून मला कळेल.

आत्या

१८ नोव्हेंबर

आत्या,

आधी वर्गातल्या मुलींना करंगळ्या सरळ करायला सांग. आजच्या आज.

काल तासाला सरांनी मला मध्येच थांबवलं. "करंगळी दुखते का तुझी?"

"नाही."

"मग ती अशी मेल्यासारखी का पडली आहे?"

मी अभिमानानं म्हटलं, "तुमच्यासारखी."

ते पियानोच्या स्टुलावर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग ते हसू अचानक आटलं. त्यांनी डावा हात माझ्यासमोर धरला. तरुणपणी मोटारीच्या दारात ते बोट चिरडलं होतं. तेव्हापासून ते वाकत नाही. "ही करंगळी कुणाला दिसू नये म्हणून मी आयुष्यभर धडपडलो," ते म्हणाले, "आणि तू ती शिकत बसलीस! मुली, तू माझ्याकडून संगीत शिकली नाहीस, माझा अपघात शिकलीस. विचारलं का नाहीस?"

विचारलं का नाहीस. काय सांगणार होते मी त्यांना? की आमच्याकडे विचारणं हा उद्धटपणा असतो? की आमच्याकडे गुरूला खोकला झाला तर शिष्यही खोकतात?

तेव्हापासून माझ्या पायांना चैन नाही. ट्राम सोडून चालत जाते, आणि चालता चालता विद्यापीठाच्या पुढे निघून जाते. कपडे धुवायच्या यंत्रासमोर उभी राहून हवेत गज ओढते. लोक माझ्या बाजूचं यंत्र सोडून लांबचं घेतात. एकच विचार डोक्यात घोंघावतो आहे, आणि तो तुला लिहिल्याशिवाय जाणार नाही.

मी सरांची करंगळी दोन महिन्यांत उचलली. मग तू लहानपणापासून आजोबांकडून काय काय उचललं असशील? आत्या, आजोबांच्या उजव्या हाताला काही झालं होतं का?

भिंगरी

२९ नोव्हेंबर

भिंगरीस,

माझ्या बाबांच्या हाताला काहीही झालेलं नव्हतं. त्या हातानं मोठमोठ्या लोकांना भर सभेत डोळे पुसायला लावले आहेत. कुणाच्या चेंगरलेल्या बोटावरून माझ्या बापाचा हात मापू नकोस.

हा विषय संपला.

आत्या

२० डिसेंबर

आत्या,

संपला नाही. तू संपवलास म्हणून संपत नाही.

मी तुझी हद्द ओलांडायचं ठरवलं. तुला कळेल म्हणाली होतीस, कळलं का? कळायला काही घडलंच नाही. गज नेते, नेते, आणि वीतभर आधी माझं कोपर आपोआप आखडतं. तू नाहीस, पट्टी नाही, खोलीला खिडकीसुद्धा नाही, तरी हात थांबतो. सरांनी मागे उभं राहून माझं मनगट धरून गज टोकापर्यंत नेला. मला रडू आलं. दुखलं म्हणून नाही, आत्या. सरळ होण्यात दुखण्यासारखं काही नव्हतंच, म्हणून.

माझा हात धडधाकट आहे. तो पुरा उघडतो. भांडी फडताळावर ठेवताना उघडतो, दार ढकलताना उघडतो. फक्त वाजवताना तो दुसऱ्या कुणाचा तरी होतो. कुणाचा, एवढंच मी विचारते आहे. हा आजोबांचा अपमान कसा? ज्यांचं काहीच आपण विचारत नाही, त्यांना आपण मोठं मानत नाही, आपण त्यांची नुसती तसबीर करतो.

जानेवारी संपायच्या आत सरांना सांगायचं आहे, फेब्रुवारीत वाजवणार की माघार घेणार. माघार म्हणजे घरी. सर म्हणतात, "सगळी रचना एका लांब श्वासाची आहे, आणि तू ती धापा टाकत म्हणतेस." माझ्याजवळ युक्तिवाद नाही. माझ्याजवळ तुझी चार वाक्यांची चिठ्ठी आहे.

मला घरी यायचं नाही. मला इथेच शिकायचं आहे. माझा हात कुठे संपतो आणि त्यांचा कुठे सुरू होतो, तेवढं मला कळू दे.

भिंगरी

१४ जानेवारी

चि. भिंगरीस,

तुझं पत्र वाचलं आणि फाडायला घेतलं. फाडलं नाही. मग ठरवलं, या पोरीचं तोंड पुराव्यानिशी बंद करायचं. बाबांना तरुणपणी पाहिलेलं घरात एकच माणूस उरलं आहे: माझी धाकटी काकू, तुझी काकूआजी. ती लग्न होऊन घरात आली तेव्हा माझा जन्मसुद्धा झालेला नव्हता. आता लेकीकडे तिसऱ्या मजल्यावर राहते, कानानं पार गेली आहे, पण जिभेनं अजून जिवंत आहे. तिच्याकडे गेले आणि कानाशी ओरडून विचारलं, "काकू, बाबांच्या उजव्या हाताला काही झालं होतं का?"

ती म्हणाली, "म्हणजे काय? ट्रकवरून पडले नव्हते का?"

अगं, मी उभी होते ती बसले.

काकू घरात आल्यावर काही वर्षांनी, माझ्या जन्माच्या आधी, बाबा नाटक मंडळीच्या सामानाच्या ट्रकवर मागे बसून परत येत होते. वळणावर फेकले गेले. कोपर मोडलं. ज्यानं बसवलं त्यानं वाकडं बसवलं. तो हात पुन्हा कधी सरळ झाला नाही. वर्षभर वाद्याला शिवले नाहीत. मग एक दिवस काढलं आणि जेवढा हात उघडत होता तेवढ्यात वाजवायला लागले. मी काकूला म्हटलं, "मला कुणी सांगितलं कसं नाही?" ती म्हणाली, "आम्हाला वाटलं, तुला माहीत असेल. तू कधी विचारलं नाहीस."

भिंगरे, घरी येताना जिन्यावर मला एकेक गोष्ट दिसायला लागली. बाबा उन्हाळ्यातही लांब बाह्यांचा सदरा घालायचे. वरच्या फळीवरचा डबा डाव्या हातानं काढायचे. दोरीवर कपडे वाळत घालायला मलाच हाक मारायचे, आणि मला वाटायचं, किती हा रुबाब! रोज डोळ्यांसमोर होतं. मी हातच बघत होते ना? हातच बघायला शिकवलं होतं ना मला? आणि तोच हात मी पाहिला नाही.

'शेवटची वीत आपली नाही.' बरोबरच म्हणाले होते. त्यांची नव्हतीच ती. पण माझी होती. तुझी होती. या खोलीतून जितकी पोरं गेली, त्या सगळ्यांची होती, आणि मी प्रत्येकाच्या कोपरावर तो ट्रक घातला.

एक मात्र कान देऊन ऐक, कारण तू आता उलट्या टोकाला धावशील. आखूड गज खोटा नाही. मोडक्या हाताच्या माणसानं, उरलेल्या जागेत, वाद्याला बोलायला लावलं, हे कमी नाही. ते टाकून देशील तर तोंड बघणार नाही तुझं. जिथे बोलायचं आहे तिथे त्यांच्यासारखं बोल. जिथे श्वास लांब आहे तिथे हात उघड. दोन्ही तुझं आहे. त्यांनी लाजेपोटी नियम केला आणि मी अभिमानापोटी पाळला. तू यातलं काहीही करू नकोस.

माघार घ्यायची नाही. मी पट्टीवाली सांगते आहे: हात उघड.

वर्गातल्या मुलांना अजून काही सांगितलेलं नाही. रोज ठरवते आणि रोज उद्यावर ढकलते. परवा एका पोराचा गज चुकून टोकाकडे गेला, पट्टी उचलली, आणि तशीच धरून राहिले. पोरगं बिचारं मार खाण्याची वाट बघत डोळे मिटून बसलं होतं. तू लिही त्यांना. तुझ्या तोंडाला कुलूप कधी नव्हतंच.

आत्या

१६ फेब्रुवारी

आत्याच्या मागच्या खोलीतल्या माझ्या भावंडांनो,

हे पत्र आत्या तुम्हाला वाचून दाखवणार आहे. मध्येच तिचा आवाज थांबला तर कुणीतरी पुढे होऊन तिच्या हातातून कागद घ्या आणि पुढचं वाचा.

आपण गज टोकापर्यंत नेत नाही, कारण माझे आजोबा तरुणपणी ट्रकवरून पडले आणि त्यांचं कोपर मोडलं. दुसरं काहीही कारण नाही. इतकंच. हे आत्यालाही ठाऊक नव्हतं. तिनं या वयात तीन जिने चढून हे विचारलं आणि उत्तर ऐकून ते माझ्यापासून लपवलं नाही. तिच्यावर रागावण्याआधी प्रत्येकानं स्वतःला विचारावं, आपण एक जिना तरी चढलो होतो का?

परवा परीक्षा झाली. सरळ सांगते. रचनेचा पहिला भाग, जिथे सूर तुटक तुटक, बोलल्यासारखे येतात, तो मी आपल्या घरच्या गजानं वाजवला. तीन परीक्षकांपैकी एक बाई पेन खाली ठेवून पुढे वाकल्या. मग लांब सूर आले. हात उघडला. वीतभर आधी आखडला नाही. गेला. आणि टोकाला पोचल्यावर मी घाबरले, कारण तिथे काय करायचं असतं हे मला लहानपणी कुणी शिकवलेलंच नव्हतं! टोकाला गज हलका होतो, सूर विरळ होतो, थरथरतो. तिथे तर्जनीनं भार द्यावा लागतो. सरांनी महिनाभर सांगितलं होतं, पण महिनाभराची सवय ती किती? सूर कापला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा कापला.

त्या बाईंनी शेवटी विचारलं, "पहिल्या भागात तुझा गज इतका पक्का, आणि लांब सुरांत नवशिक्यासारखा. का?"

या वेळी माझ्याजवळ उत्तर होतं. ट्रक, कोपर, आजोबा, आत्या, सगळं सांगितलं. कुणी खुदकन हसलं नाही. काल निकाल लागला. मला ठेवून घेतलं आहे, पण काठावर: जूनमध्ये पुन्हा त्याच तिघांसमोर उभं राहायचं, आणि लांब सूर थरथरला तर मग कुणी काही विचारणार नाही, सरळ बॅग भरायची. सर म्हणाले, "आखूड गज मला तुझ्याकडून शिकायचा आहे. लांब गज मी तुला माझ्या पद्धतीनं देईन. पण तुझ्या आजोबांची पद्धत माझ्याजवळ नाही."

पोरांनो, हे ऐकून मला खुर्चीत बसवेना, आणि तुम्हालाही बसवायला नको! आजोबा पडण्याआधी कित्येक वर्षं वाजवत होते. धडधाकट हातानं. पुरा गज. टोकाला जाऊन ते काय करत, भार देत की सूर सोडून देत, की तिथून उलट फिरत, हे आत्याला माहीत नाही, कारण ती तेव्हा जन्मली नव्हती. माझ्या बाबांना माहीत नाही, ते तर तिच्याहून धाकटे. त्याचं ध्वनिमुद्रण नाही, कागदावर टिपण नाही. तो हात या जगात फक्त एका माणसाच्या, काकूआजीच्या, डोळ्यांत उरला आहे. तिला आता ऐकू येत नाही, आणि तिचं वय तुम्ही जाणता. आपण न विचारता स्वतःचा हात गमावला. आजोबांचा तो धडधाकट हातही न विचारता गमावला, तर दोष आजोबांचा नाही, आत्याचा नाही, तुमचा आणि माझा.

मी इथून येऊ शकत नाही. तुम्ही जाऊ शकता. आत्या, तू पण जा.

येत्या रविवारी सगळ्यांनी वाद्यं घेऊन काकूआजीकडे जा. एकानं तिच्या हातात गज द्या आणि कानाशी ओरडून विचारा: ते पडायच्या आधी टोकाला पोचल्यावर काय करायचे? तिला सांगता आलं नाही तर दाखवायला सांगा. आणि तिचा हात जसा जाईल तसा बघून लगेच, तिथेच, तिच्यासमोर वाजवा. ती मान हलवून 'असं नाही' म्हणाली तर पुन्हा विचारा.

तुमची,
भिंगरी